खारी परत आल्या, तर मीही

११ मार्च

आज डेल्मरची गाडी पहिल्यांदा मी कामासाठी बाहेर काढली. नोव्हेंबरात त्याला पुरलं तेव्हापासून ती अंगणात उभी होती. दारावर त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली अक्षरं अजून चांगली आहेत: ‘खारी परत आल्या, तर मीही. फुकट.’ खाली घरचा फोन नंबर.

लोकांच्या घरांत शिरलेल्या खारी बाहेर काढायचा आम्हा नवराबायकोचा धंदा. इतकी वर्षं फोन मी घ्यायचे आणि शिडीचा पाय मी धरायचे. वर तो असायचा. घरी येताना गाडीत तो दिवसभराचं सांगायचा आणि मी अर्धंच ऐकायचे. आता दिवसभराचं माझ्याकडे आहे आणि शेजारची सीट रिकामी. म्हणून हे लिहिणं.

कोलंबस शहरातून लायलचा फोन. “आई, तू या वयात शिडी चढणार?”

“तुझा बाप माझ्याहून मोठा होता. चढत होता की.”

“हो, आणि बघ.”

डेल्मर शिडीवरून पडला नव्हता, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. शेवटी ठरलं ते असं: नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत बघायचं. मी केलेली कामं टिकली नाहीत, लोक परत परत बोलवायला लागले, तर गाडी विकायची आणि मी त्याच्या गॅरेजवरच्या खोलीत राहायला जायचं. खोली रंगवून ठेवलीय म्हणाला. कुठला रंग ते मी विचारलं नाही.

१४ मार्च

गावाबाहेरच्या हॉस्टेटरचं घर. दुमजली, लाकडी, एक ओकची फांदी थेट छपरावर टेकलेली. खारींना यापेक्षा चांगला पूल कोण बांधून देणार? वळचणीच्या फळीला मुठीएवढं भोक, कडा कुरतडून पिवळ्या झालेल्या.

म्हातारा एकटाच असतो. बायको, आयडा, जाऊन बरीच वर्षं झाली. फर्निचरच्या कारखान्यात होता, हात अजून घट्ट आहेत.

“डेल्मरचं कळलं,” म्हणाला. “वाईट झालं. आता शिडी कोण धरणार तुझी?”

“तुम्ही.”

“मी शिंकलो तर?”

“तर मी तुमच्या अंगावर पडेन. बघा, परवडतंय का.”

तो हसला. शिडी मात्र दोन्ही हातांनी धरली. मी वर पोचेपर्यंत खाली पाहिलं नाही.

भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून खाली आले. तासाभरात तो गवतात पडलेला. म्हणजे आत येणंजाणं चालू आहे. मग झडप लावली. ती आतून ढकलली की उघडते, बाहेरून उघडत नाही. दुपारी खार बाहेर पडलेली आम्ही दोघांनी पाहिली. करडी, गुबगुबीत. पुन्हा आत जायला गेली आणि झडपेवर आपटली.

“माझी आई खारींच्या मटणाचं पॉट पाय करायची,” हॉस्टेटर म्हणाला. “आता त्या माझं घर खातायत. फिटंफाट.”

पहिलं काम. परत येताना गाडीत मी मोठ्याने म्हटलं, “झालं बरं का.” मग रेडिओ लावला.

१६ मार्च

चूक केली. मोठी.

सकाळी सातला हॉस्टेटरचा फोन. “ती वेडी झालीय. फळी फोडतेय. स्वयंपाकघराच्या खिडकीवर येऊन माझ्याकडे बघते.”

मी गेले तेव्हा झडपेच्या बाजूची फळी हातभर सोललेली होती आणि खार तिसऱ्या ठिकाणी कुरतडत होती. तोंडाला रक्त. पोटाकडे लक्ष गेलं आणि सगळं समजलं. ती दूध पाजत होती. पिल्लं आत, आई बाहेर, आणि मधे मी लावलेली झडप.

मार्चमध्ये हे तपासायलाच हवं होतं. मार्च आणि ऑगस्ट, वर्षातून दोनदा यांची पिल्लं असतात. डेल्मर मार्चमध्येही नुसता पिंजरा लावायचा, खार धरायचा आणि नदीपलीकडच्या जंगलात सोडून यायचा. आत काय राहायचं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो दिवसभराचं सगळं सांगतो असं मला वाटायचं.

माळ्यावर पोटावर सरकत गेले. कोपऱ्यात पानांचं आणि निळ्या लोकरीचं घरटं, त्यात पिल्लं. डोळे मिटलेले, अंगावर जेमतेम लव. पण गरम होती. जिवंत. हातमोज्यांनी उचलून खोक्यात ठेवली, खाली गरम पाण्याची बाटली, वर फडकं. झडप काढली आणि खोकं भोकाखालच्या ओसरीच्या छपरावर, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल असं ठेवून खाली आले.

निळ्या लोकरीचा एक धागा माझ्या बाहीला चिकटून आला होता. हॉस्टेटरने तो बोटाने उचलला.

“आयडाचा स्वेटर,” म्हणाला. “शोधत होतो मी.”

“सॉरी.”

“असू दे. उबदार होताच तो.”

मग स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून राहिलो. दिवा बंद, रेडिओ बंद, खुर्ची सरकवायची नाही. माणसाची चाहूल लागली तर ती येणार नाही. त्याने पॉट पाय केलेलं होतं, कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेले कणकेचे चौकोन. ते चमचा न वाजवता खाल्लं. एवढं गरम मी नोव्हेंबरनंतर खाल्लं नव्हतं बहुतेक.

ती आली. खोक्यात डोकं घातलं, एका पिल्लाला त्याच्या पोटाजवळ तोंडात धरलं. ते तिच्या मानेभोवती गुंडाळलं गेलं. मग फांदीवरून पलीकडच्या ओकच्या ढोलीत. परत आली. पुन्हा गेली. शेवटचं पिल्लूही नेलं.

“संपलं,” मी कुजबुजले.

“थांब,” हॉस्टेटर म्हणाला.

ती आणखी एकदा आली. रिकाम्या खोक्यात शिरली, फडकं उलटंपालटं केलं, कोपरे हुंगले. मगच गेली.

“आत कोणी राहिलं का, ते बघून गेली,” तो म्हणाला. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो. उठायला तसं काही कारण नव्हतं.

१९ मार्च

हॉस्टेटरचं काम पूर्ण. आत कोणी नाही याची खात्री करून भोक पत्र्याने बंद केलं, वळचणीला सगळीकडून जाड जाळी, षट्कोनी डोक्याचे स्क्रू. फांदी छाटली.

“आता परत नाही येणार,” मी म्हणाले.

“अजिबात नाही?”

“अजिबात.”

“हं,” तो म्हणाला.

२२ एप्रिल

या महिन्यात शाळेचं छप्पर, दोन घरं, एक धान्याची कोठी. सगळी कामं पक्की. खाली बघून चढते आता.

शुक्रवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये माशांचं गावजेवण असतं, तिथे गेले. टेबलाच्या एका बाजूला डेल्मरचे सगळे मित्र. त्यांनी सरकून जागा केली. मग मी बसले तेव्हापासून सगळे फार जपून बोलायला लागले. लवकर निघाले.

आमच्या घरात खार कधी शिरलेली नाही. डेल्मरने हे घर असं बंद करून ठेवलंय की वाऱ्यालाही वाट नाही.

३ मे

हॉस्टेटरचा फोन. “आल्या परत.”

विश्वास बसेना. जाऊन पाहिलं तर जाळीचा एक कोपरा उचललेला, दोन स्क्रू गायब. दातांची खूण कुठेच नाही. खार कुरतडते तेव्हा लाकडावर जोडीजोडीने खाचा पडतात. इथे काही नाही. जाळी नीट बसली नव्हती का? मला आठवतंय, बसवली होती.

पुन्हा बसवली. त्याने सगळा वेळ शिडी धरली, खाली उभा राहून गावातल्या प्रत्येकाची निंदा केली.

“नशीब तुझं,” म्हणाला, “आज नेमकं पॉट पाय केलंय.”

फुकटचं काम. दारावर लिहिलंय तसं.

९ जून

पुन्हा हॉस्टेटर. या वेळी मागची बाजू. पुन्हा कोपरा उचललेला, पुन्हा स्क्रू नाहीत. कमाल आहे.

“मी तीस वर्षं ऐकत आलेय खारींबद्दल,” मी म्हणाले, “पण स्क्रू फिरवणारी खार मला भेटली नव्हती.”

“हुशार झाल्यात,” तो म्हणाला. “टीव्ही बघत असतील.”

गॅरेजमध्ये त्याची शिडी भिंतीला टेकलेली होती, पायांना ओली माती. मी ओरडलेच. “या वयात तुम्ही शिडी चढलात?”

“पन्हळ साफ करायची होती.”

“मला सांगायचं ना.”

“पन्हळीसाठी तू येतेस होय? गाडीवर फक्त खारी लिहिलंय.”

पॉट पाय होतंच. खिडकीत काचेच्या बरणीत त्याचे सुटे स्क्रू ठेवलेले दिसले, माझ्यासारखेच, षट्कोनी डोक्याचे. चांगले असतात ते. माहीतगार माणूस तेच वापरतो.

१४ जुलै

पुन्हा.

लायलला सांगायला नको होतं. पण त्याने विचारलं, “कामं टिकतायत का?” आणि मला खोटं बोलता आलं नाही.

“एकाच घरी तीनदा?” तो म्हणाला. “आई, हे मी म्हणत नाहीये, छप्पर म्हणतंय.”

बोलला ते चूक नाही.

२ ऑगस्ट

हॉस्टेटर म्हणतो, रात्री वर खुडबुड ऐकू येते. करडी खार रात्री झोपते. अंधार पडल्यावर ती माणसाहून जास्त शहाणी असते. मग उंदीर असेल किंवा उडती खार. माळ्यावर पीठ पसरून आले.

४ ऑगस्ट

पिठावर एक पाऊल नाही. उचललेल्या जाळीखाली बोळा कोंबला होता, तो जसाच्या तसा. म्हणजे वाट आहे, पण तिच्यातून कोणी आलंगेलं नाही.

हे मला समजत नाही. बाकीच्या एकाही घरून फोन नाही, आणि हे एकच घर माझं ऐकत नाही. डेल्मर असता तर एका नजरेत ओळखलं असतं. मी शिडीचा पाय धरणारी बाई, आणि आता वर चढून बसलेय. हॉस्टेटरला म्हणाले, “माझ्या हातात काहीतरी कमी आहे.”

तो भांडी धूत होता. पाठमोराच म्हणाला, “हातात काही कमी नाही.” आज नेहमीसारखी टिंगल केली नाही.

१० सप्टेंबर

पाचव्यांदा. जाळी बदलली, स्क्रू बदलले, काही उपयोग नाही. नदीकाठी छपरांची कामं करणारा एकजण गाडी घ्यायला तयार आहे. त्याला हो म्हणाले. थँक्सगिव्हिंगची वाट कशाला बघायची?

खाली उतरून हॉस्टेटरला सांगितलं. “मी बंद करतेय. गाडी विकतेय. पुढच्या वेळी हॅरिसबर्गचा, हेच काम करणारा माणूस येईल, मी बोलून ठेवते. त्याला जमेल.”

तो शिडी धरूनच उभा राहिला, मी खाली उतरले होते तरी.

“माझ्यामुळे?”

“तुमच्या छपरामुळे.”

“छपराचा काय दोष?”

“मग माझा.”

“आणि तू कुठे जाणार?”

“कोलंबस. मुलाकडे. खोली रंगवलीय त्याने.”

“कुठला रंग?”

“माहीत नाही.”

तो आत गेला. पॉट पाय स्टोव्हवर होतं, वास येत होता. पण या वेळी त्याने बस म्हटलं नाही. मी गाडी सुरू केली.

१५ सप्टेंबर

दुकानातून आले तर फोनवर निरोप:

“वर्ना, हॉस्टेटर बोलतोय. खारी गेल्या. एकूणएक. तुझी जाळी पक्की आहे, मी स्वतः बघितली. म्हणजे, खालून बघितली. हॅरिसबर्गच्या माणसाला पाठवू नकोस. गाडी विकू नकोस. एवढंच.”

दोनदा ऐकलं.

१६ सप्टेंबर

बघायला गेले. वळचणीला सगळीकडे स्क्रूच स्क्रू, जिथे दोन पुरतात तिथे पाच, ओळ जरा वाकडी.

“हे कोणी केलं?”

“एकजण जात होता रस्त्याने.”

शिडी गॅरेजमध्ये. पायांना ओली माती. “पन्हळ?” मी विचारलं.

“पानं फार पडतायत यंदा.”

“ओक अजून हिरवागार आहे, मिस्टर हॉस्टेटर.”

“मग पुढची तयारी,” तो म्हणाला. डाव्या हाताच्या अंगठ्याला पट्टी होती. मी रागावले. तो मान खाली घालून ऐकत राहिला, मग म्हणाला, “झालं आता. आता तुला इथे काही काम नाही.”

नदीकाठच्या माणसाला फोन करून सांगितलं, थोडं थांब.

२० ऑक्टोबर

हॉस्टेटरचा फोन नाही. कोणाचाच नाही तक्रारीचा. नवीन कामं येतात, करते, संपतात. काम चांगलं झालं की फोन येत नाही. धंद्याची ही बाजू डेल्मरने मला कधी सांगितली नव्हती. त्याला जाणवली नसेल. त्याच्या शेजारच्या सीटवर मी असायचे.

लायल खुश. “बघ, जमलं की तुला,” म्हणाला. मग, “खोली तशीच ठेवतोय हं, घाई नाही.”

संध्याकाळी दोनदा फोन उचलून बघितला, चालू आहे ना म्हणून. चालू होता.

१३ नोव्हेंबर

गेल्या वर्षी याच सुमारास डेल्मर. आज घरात बसवेना. गाडी काढली आणि हॉस्टेटरच्या रस्त्याने गेले. त्या रस्त्याने मला कुठेच जायचं नव्हतं.

टेलिफोनच्या तारेवरून एक खार धावत आली, छपराच्या कोपऱ्यावर उडी मारली आणि वळचणीत दिसेनाशी झाली. गाडी थांबवून बघत राहिले. दुसरी आली. तीही आत.

दार वाजवलं. हॉस्टेटर बाहेर आला, स्वेटरवर स्वेटर.

“खारी आहेत तुमच्याकडे,” मी म्हणाले.

“नाहीत.”

“आत्ता दोन गेल्या.”

“मला काही ऐकू येत नाही.”

“रात्री खुडबुड ऐकू यायची.”

“आता कान गेले. घर पक्कं आहे. तू चांगलं काम केलंयस, कोणालाही विचार.” तेवढ्यात आमच्या डोक्यावर काहीतरी धडधडत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं. आम्ही दोघांनी वर पाहिलं. “पाईप,” तो म्हणाला.

शिडी लावली. त्याने येऊन धरली. कोपऱ्यात, तार भिंतीला भिडते तिथे, माझी जाळी पोचलीच नव्हती. भोक ताजं, लाकूड पिवळं, कडेला जोडीजोडीने खाचा. मार्चनंतर या घरावर पहिल्यांदाच दात पाहिले. बराच वेळ शिडीवर उभी राहून मी त्या खाचा बघत राहिले. मग उजवीकडे पाहिलं, मे महिन्यातला कोपरा. मग त्या वाकड्या ओळीतले सगळे स्क्रू. वर किती उंच आहे, आणि चौऱ्याऐंशीच्या माणसाला एका हाताने पाना फिरवत दुसऱ्या हाताने कुठे धरायला मिळत असेल, ते पाहिलं.

खाली वाकून विचारलं, “धरलीय ना?”

“धरलीय.”

नोव्हेंबरात पिल्लं नसतात, तरी आधी माळा बघून आले. झडप लावली. बाजूच्या फळीवर जाळी बसवायची होती. खाली उतरले.

“माझे स्क्रू संपलेत,” मी म्हणाले. गाडीत डबा भरलेला होता. “तुमच्या बरणीतले द्या.”

तो माझ्याकडे बघत राहिला. कान लाल झाले, थंडी होतीच म्हणा. मग आत जाऊन खिडकीतली बरणी घेऊन आला आणि माझ्या हातात दिली. बरणी बरीच भरलेली होती.

“पुरतील?” त्याने विचारलं.

“वर्षभर पुरतील.”

“हं.” मग शिडीकडे बघत, “पुन्हा आल्या तर सांगतो.”

“नाही आल्या तरी,” मी म्हणाले आणि वर चढले. तो खाली काही बोलला असेल तर मला ऐकू आलं नाही.

२१ नोव्हेंबर

झडप काढून भोक बंद केलं. गाडी विकणार नाही असं नदीकाठच्या माणसाला कळवलं. लायललाही. थँक्सगिव्हिंगला त्याला सुट्टी मिळत नाहीये. तो म्हणाला, “मग त्या म्हाताऱ्याचं घर शेवटी जमलं तुला?”

“त्या घरात मार्चपासून या महिन्यापर्यंत खार शिरलीच नव्हती.”

“म्हणजे?”

“म्हणजे जमलं.”

मग विचारलं, खोलीचा रंग कुठला? पिवळा म्हणाला. छान असेल.

४ डिसेंबर

काम नव्हतं. फोन नव्हता. थोडा बर्फ. गाडी काढली.

हॉस्टेटरने दार उघडलं आणि पहिल्यांदा छपराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“कुठे बिघडलं?”

“कुठेच नाही.”

“मग?”

“शिडी आणलेली नाही,” मी म्हणाले. “आत येऊ का?”

तो बाजूला सरकला. मग मागे वळून स्टोव्हकडे पाहिलं. स्टोव्ह थंड होता, वर रिकामी किटली. फोन नाही तर त्याला कळणार कसं?

“आज पॉट पाय नाही गं,” तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. “अंडी आहेत. फक्त अंडी.”

“चालतील,” मी म्हणाले आणि कोट काढला.